संघटना मोठ्यांची, वर्गणी सगळ्यांची

साखर कारखान्याचा वेतन करार झाला की निपाणी-चिकोडीकडे पहिला प्रश्न ठरलेला: कायमवाल्यांना किती आणि हंगामींना किती? युनियन एकच, पावतीपुस्तकही एकच, पण बोलणीला बसलेले बहुतेक कायमवाले. वैमानिकांच्या संघटनांबाबत हाच प्रश्न विचारायला हवा. बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारी एटीआर आणि एम्ब्राएर ही छोटी विमानं चालवणाऱ्यांची बाजू, जंबो आणि एअरबसवाल्यांचं बहुमत असलेली संघटना कितपत मांडणार?

हा तिढा सगळ्यात उघडा दिसतो तो अमेरिकेत. एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही तिथली १९३१ सालची संघटना. डेल्टा, युनायटेडचे वैमानिक तिच्यात आहेत आणि या कंपन्यांसाठी कंत्राटावर छोटी विमानं उडवणाऱ्या काही प्रादेशिक कंपन्यांचेही आहेत. प्रत्येक कंपनीची कार्यकारी परिषद वेगळी, करार वेगळा, त्यावरचं मतदानही वेगळं. कागदावर सगळं चोख.

अडचण येते 'स्कोप क्लॉज' या कलमात. मोठ्या कंपनीचे वैमानिक आपल्या करारात लिहून घेतात की आपलं काम प्रादेशिक कंपनीला द्यायचंच असेल, तर विमानात ७६ पेक्षा जास्त आसनं नकोत आणि त्याचं कमाल उड्डाण वजन ८६,००० पाउंड, म्हणजे साधारण ३९ टन, याच्या वर नको. एम्ब्राएर १७५ मध्ये ८८ पर्यंत आसनं बसू शकतात, पण तिकडे ती ७६ वर थांबतात. आपल्या स्टार एअरच्या १७५ मध्येही बिझनेसची १२ आणि इकॉनॉमीची ६४ धरून ७६ च होतात. मात्र आपल्याकडे तो कंपनीचा हिशेब, तिकडे ती युनियनने ओढलेली रेघ. याच विमानाची ई-टू ही नवी आवृत्ती इंधन कमी खाते, पण तिचं इंजिन मोठं आणि वजन ४४ टनांच्या पुढे. त्यामुळे अमेरिकन प्रादेशिक कंपन्यांना ते घेऊन उपयोग नाही.

आता मताचं बघा. ही रेघ प्रादेशिक वैमानिकाला कुठलं विमान मिळणार आणि त्याची कंपनी किती वाढणार हे ठरवते, पण ज्या करारात ती आहे त्यावर त्याला मत नाही. आणि दोन्ही करारांवर सही एकाच राष्ट्रीय अध्यक्षाची! डेल्टाच्या मालकीच्या कोमएअर या प्रादेशिक कंपनीच्या काही वैमानिकांनी याच मुद्द्यावर २००१ मध्ये आपल्याच संघटनेला कोर्टात खेचलं. त्याच वर्षी याच संघटनेच्या झेंड्याखाली कोमएअरमध्ये ८९ दिवसांचा संप झाला होता, हेही विसरू नये. संपात पाठीशी उभी राहणारी आणि स्कोपमध्ये हात बांधणारी संघटना एकच.

मोठ्या वैमानिकांचं म्हणणंही खोटं नाही. ही रेघ नसती तर कंपनीने मोठी विमानंसुद्धा स्वस्तातल्या वैमानिकांकडे दिली असती. शिवाय प्रादेशिकमधला पोरगा बहुधा उद्या मोठ्या कंपनीत जायच्या तयारीतच असतो. तिथे ज्येष्ठता यादीत तळापासून सुरुवात, आणि मग हीच रेघ त्याची राखण करते. म्हणूनच आतून बंड फारसं पेटत नाही.

कायदा किती मदत करतो? फार नाही. 'न्याय्य प्रतिनिधित्वाचं कर्तव्य', म्हणजे युनियनने ज्यांच्या वतीने करार करायचा त्या सगळ्यांची बाजू सचोटीने मांडावी, हे तत्त्व अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये स्टील नावाच्या कामगाराच्या खटल्यात मांडलं. रेल्वे इंजिनात कोळसा टाकणाऱ्या गोऱ्या फायरमनांच्या युनियनने कृष्णवर्णीय फायरमनांना सभासदही करून घेतलं नव्हतं आणि करार मात्र त्यांच्या पोटावर पाय देणारा केला होता. पण १९९१ मध्ये याच वैमानिक संघटनेच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की युनियनचा निर्णय अगदीच तर्कहीन असेल तरच तो मनमानी ठरेल. वाईट तडजोड केली म्हणून युनियन सहसा हरत नाही.

आपल्याकडे दुखणं वेगळं. एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या बाजूला इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, अशी जुनी घरं. छोट्या कंपनीतल्या वैमानिकाला तिथे दार नाही. ड्युटीच्या तासांचंच घ्या. नव्या नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्र पहाटे ६ पर्यंत धरली गेली, रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर आली. संघटना दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्या, मग १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमल ठरला. ४८ तास सगळ्यांच्या कामाचे. पण रात्रीच्या लँडिंगचा मुद्दा मुख्यतः महानगरांचा. एटीआरवाल्याचा दिवस जातो चार-पाच छोट्या फेऱ्यांत: दर वेळी ब्रीफिंग, चढण, उतरण, पुन्हा पंचवीस मिनिटांत तयार. उड्डाणाचे तास कमी दिसतात, थकवा मात्र लँडिंगच्या संख्येत असतो. त्यावर एवढा जोर लागलेला दिसला नाही.

दुसरी गोष्ट राजीनाम्याची नोटीस. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला वर्षभराची, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. त्यावर टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा, बाँड वेगळा. मोठ्या कंपनीतल्याला हा काच कमी, कारण त्याला कुठे जायचंच नसतं. छोट्या कंपनीतल्याची अख्खी कारकीर्द त्यात अडकते.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संघटनेच्या नोंदणीसाठी सात जणांना अर्ज करता येतो, पण कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. म्हणजे साठ कामगारांच्या कंपनीत संघटना काढायची तर सहा जण पुरत नाहीत, सात लागतातच. एकाहून जास्त संघटना असल्या तर ५१ टक्केवाली एकटीच बोलणी करणार. कुणाकडेच ५१ नसतील तर संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद, आणि तिथे निदान २० टक्के लागतात. हा हिशेब त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांवर होतो, नुसत्या वैमानिकांवर नाही. ग्राउंड स्टाफ आणि केबिन क्रू धरले की वैमानिक कुठल्याही कंपनीत अल्पमतात. वर, कॅप्टन हा कामगार की पर्यवेक्षक, हा वाद कंपन्या जिवंत ठेवतातच.

तेव्हा वर्गणी भरण्याआधी संघटनेची घटना मागून घ्या आणि तीन कलमं वाचा. वाटाघाटी समितीत विमानाच्या प्रकारानुसार जागा राखीव आहेत का? करार सभासदांच्या गुप्त मतदानाने मंजूर होतो की पदाधिकाऱ्यांच्या ठरावाने? आणि बाँडच्या वसुलीचा दावा आला तर वकिलाचा खर्च कोण देणार? तिसऱ्याचं उत्तर बहुधा 'कार्यकारिणीच्या विवेकाधीन' असं असतं. तसं असेल तर ते आधी लेखी बदलून मागा, सही नंतर करा.