आमची वाटचाल : लग्नपत्रिका छापता छापता

आमचा प्रेस तसा बाबांचा, सोलापुरात लग्नपत्रिका, बिलबुकं आणि चादर-टॉवेलवाल्यांची लेबलं छापायचो, पुस्तक काढायचं असं कधी डोक्यातपण नव्हतं. मग एकदा स्वीडनचं एक जोडपं आलं, सोबत आठेक वर्षांची मुलगी, दिसायला अगदी आपली आणि बोलायला स्वीडिश, जन्म आपल्याच जिल्ह्यातला, त्यांनी दत्तक घेतलेली. तिच्या गोष्टीचं पुस्तक पाहिजे, मराठी-इंग्रजी, फक्त दहा कॉपी. लग्नसराई संपलेली, मशीन रिकामं, म्हणून हो म्हणाले, खोटं कशाला बोलू.

आणि काय छापलं? हत्ती, मोर, ताजमहाल. पोरीने ताजमहालावर बोट ठेवून आईला काहीतरी विचारलं, आईने मला इंग्रजीत सांगितलं, ती विचारतेय मी इथं राहायचे का. लाजच वाटली. सगळं परत काढलं, सोलापूरची गड्ड्याची जत्रा, तिच्यातले नंदीध्वज, कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

त्यावरून डोक्यात आलं की अशी मुलं कितीतरी असतील. लोकांना दत्तक घेणं हे नवं फॅड वाटतं, अहो आपल्या पंढरपुरात टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारा प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ पासून आहे! मग नावगाव काढून सगळ्यांना चालेल असं पुस्तक केलं, २४ पानी, सेंटर पिन (म्हणजे मधोमध दुमडून घडीवर पिना मारलेलं), १००० कॉपी. आणि त्यात मी लिहून ठेवलं "तुझी खरी आई". दत्तक मुलगी असलेल्या एका ताईंचा फोन आला, ओरडल्या वगैरे नाहीत, एवढंच म्हणाल्या, मग मी कोण हो? घरातले सगळे चार रात्री बसून "जन्म देणारी आई" असे स्टिकर चिकटवत होतो, सासूबाईसुद्धा.

शेवटच्या पानावर, जन्म देणाऱ्या आईबद्दल, "एक दिवस तुम्ही भेटाल" होतं, पुढच्या आवृत्तीत तेही काढलं. कारण १८ पूर्ण झाल्यावर दत्तक मुलाला आपल्या जन्माची माहिती मागता येते, त्याआधी दत्तक आईबाबांसोबत मागायची, पण जन्म देणाऱ्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या इच्छेविरुद्ध ते देत नाहीत. मग आपण पुस्तकात कुठल्या तोंडाने शब्द द्यायचा?

सगळ्यात जास्त अडलो जन्म देणाऱ्या आईच्या चित्रापाशी. आधी पाठमोरी काढली तर पोरं म्हणाली ही रागावलीय का. चेहरा काढावा तर तो कुणाचा? शेवटी नुसती चौकट ठेवली, तुला वाटते तशी काढ म्हणून. तर ग्लॉसी आर्ट पेपरवर पेन्सिल उमटेना, रंगखडू घसरतो! सेंटर पिनला मधलंच एक पान बदलता येत नाही, जोडीचं पान पण बदलतं, म्हणून चौकट बरोबर मध्यावर आणली आणि मधली चार पानं मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर घेतली. बाइंडर काका तेलुगू, वैतागून मला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही, पण परवा तेच विचारत होते, आमच्या भाषेत कधी काढताय.

परदेशातून ऑर्डरी कमीच येतात, पोस्टेज पुस्तकापेक्षा महाग पडतं. जास्त मागणी पुणे, लातूर अशी इकडचीच. पत्रिका अजून चालूच आहेत, पगार त्यावरच निघतो. त्या पहिल्या मुलीला नवी आवृत्ती पाठवली होती, तिने चौकटीत बाई काढलीच नाही, भाकरी काढली आणि बाजूला चटणीची वाटी.