दीड वाराची नऊवारी : आमची वाटचाल

पैठणीच्या ब्लाउजांची कात्रणं शिंप्यांकडून आणून आम्ही बाहुल्यांची लुगडी शिवायला बसलो. १९५९ सालची बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे बाईच्या उंचीचा सहावा हिस्सा. नऊ वारांचं दीड वार. हिशेब सोपा, पण पैठणीचा पोत काही सहापट बारीक होत नाही. निऱ्या फुगायच्या, काष्टा गाठोड्यासारखा दिसायचा.

वाट दाखवली ती अंबाजोगाईच्या एका माहेरवाशिणीने. ताई आता अमेरिकेत असतात. युनायटेड फेडरेशन ऑफ डॉल क्लब्ज ही तिथली बाहुल्या जमवणाऱ्यांची १९४९ची संस्था. तिच्या वार्षिक अधिवेशनाला जातात. आपल्याकडे वाटतं, तिथे नुसती खरेदी-विक्री. पण व्याख्यानं असतात, हाताने काम शिकवणारे वर्ग असतात, स्पर्धेतल्या बाहुल्या परीक्षक जवळून तपासतात. ताईंची टिपणं यायची : कापड हलकं घ्या, काठ बाहुलीच्या मापाचा हवा, लोखंडी टाचणी नको, गंजून डाग पडतो. आम्ही मलमलवर आलो. बारीक टोकाचा चिमटा घेतला, त्याने एकेक निरी दाबून बसवतो. बोटांनी ते होत नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग एका ठोक व्यापाऱ्याने गर्द जांभळ्या लुगड्यांचा मोठा माल उचलला आणि ऐन मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात टाकला. आमच्याकडचा मे! रंग बाहुल्यांच्या मांड्यांत मुरला. माल परत, वर पैसेही अडकवले. कामावरच्या बायकांची मजुरी आम्ही घरचं सोनं गहाण ठेवून दिली. त्याने साधा फोनही उचलला नाही.

ताईंना फोटो पाठवले. त्यांनी जतनाच्या व्याख्यानातलं टिपण धाडलं : व्हिनाइल, म्हणजे बाहुलीचं प्लॅस्टिक, मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, त्यातून गर्द रंग आत उतरतो, उष्णतेत जास्तच. मध्ये पांढरं सुती अस्तर घाला. शिवाय स्वतःची ऑर्डर दिली, पैसे आगाऊ. त्यावर आम्ही उभे राहिलो.

आता तोच व्यापारी अस्तराच्या बाहुल्या प्रदर्शनात ‘आमची कल्पना’ म्हणून मांडतो. मांडू दे.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी मशीन घेण्याआधी असल्या वर्गांची टिपणं मिळवावीत. गर्द कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघावं. रंग सुटला तर दुकानदाराच्या अंगावर परत टाकावं. आणि अस्तर आधी धुवून खळ काढावी, नाहीतर कसर लागते. हे मात्र त्या व्यापाऱ्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.