१६ ऑगस्टला पेपर नसतो

वर्तमानपत्राच्या कचेरीला वर्षात मोजक्याच सुट्ट्या. त्यातली एक १५ ऑगस्टची. म्हणून १६ ला पेपर येत नाही आणि दरवर्षी कुणीतरी पेपरवाल्या पोराला झापतं. क्रिकेटचे माजी कर्णधार अजित वाडेकर गेले ते नेमके २०१८ च्या १५ ऑगस्टला, जसलोक रुग्णालयात. क्रीडा डेस्कवर आयुष्य काढलेला मी तेव्हा घरी पाय पसरून बसलो होतो. वेबच्या पोरांनी एजन्सीची कॉपी उचलून दहा मिनिटांत बातमी टाकली, मथळा 'एका पर्वाचा अस्त'. आमच्याकडे कुणीही गेलं की पर्वच संपतं, नाहीतर आधारवड कोसळतो.

डेस्कवर एक रिवाज आहे, बाहेरच्यांना ऐकून कसंसंच होतं. मोठा माणूस थकला की त्याचा मृत्युलेख लिहून ठेवायचा, फक्त तारीख भरायची बाकी. माझ्या मशीनवर 'तयार' नावाचं फोल्डर होतं. त्यात अकरा जण. वाडेकर त्यात नव्हते. दोनदा फाइल उघडली, नाव टाइप केलं आणि चहाला गेलो.

कारण १९७१ ची गणेश चतुर्थी. मी नऊ वर्षांचा. चाळीत शेजारच्यांच्या ट्रान्झिस्टरभोवती सगळे, घरातली आरती खोळंबलेली, आई चिडलेली. दिवेलागणीला आबिद अलीने चौकार मारला आणि आपण ओव्हलची कसोटी जिंकली आणि इंग्लंडमधली पहिली मालिकाही. त्याच वर्षी आधी सोबर्सच्या वेस्ट इंडिजलाही त्यांच्या घरी हरवलं होतं. कर्णधार डावखुरे वाडेकर, दादरकडच्या कुठल्याही बँकेत काउंटरपलीकडे दिसावा असा माणूस, आणि खरोखरच स्टेट बँकेत नोकरीला. मी उजव्या हाताचा, पण त्यानंतर वर्षभर गल्लीत डावखुरा खेळलो. बहुतेक वेळा शून्यावर.

१६ ला दुपारी बैठकीत संपादकांनी विचारलं, "वाडेकर तयार असेलच ना तुमचं?" मी हो म्हणालो. मग साडेबारा ते साडेचार खाली मान घालून लिहिलं. साडेअकराशे शब्द, अख्खं पान. वर आठ कॉलम फोटो, बाजूला आकड्यांचा बॉक्स: ३७ कसोटी, २११३ धावा, शतक एकच, १९६८ मध्ये वेलिंग्टनला १४३. पान लावणाऱ्याने बॉक्सला करडा रंग दिला होता, तो मी काढायला लावला. इतकं बरं पान मी फार वर्षांत छपाईला सोडलं नव्हतं.

सोडलंच नव्हतं अजून. संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी दिल्लीत वाजपेयी गेले.

त्यांचं मात्र सगळं केव्हापासून तयार होतं. पानंच्या पानं भराभर उतरली. क्रीडाची दोन पानं होती, एक गेलं, उरलेल्यात खाली जाहिरात. जाहिरात हलत नाही, माणसं हलतात. शिवाय जकार्ताच्या एशियाडला दोन दिवस उरले होते, त्याचं काहीतरी हवंच. वाडेकरांना मिळाले २६० शब्द. कुणाचं चुकलं म्हणू? त्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

बातमी कापायची सोपी पद्धत म्हणजे शेपटी उडवायची. महत्त्वाचं वर, फालतू खाली, अशीच ती लिहिलेली असते. मृत्युलेखाचं तसं नसतं, त्याचा जीव कुठेही असतो. उपसंपादक मुलगी म्हणाली, "सर, मी कापू का?" मी म्हटलं, "नको, मीच बघतो."

रणजीतल्या म्हैसूरविरुद्धच्या ३२३ धावा गेल्या. स्लिपमधले झेल गेले. अझरुद्दीनच्या संघाचे व्यवस्थापक होते ती वर्षं एका ओळीत बसवली. ओव्हलला शेवटच्या सकाळी सुरुवातीलाच ते धावबाद झाले, आत जाऊन झोपले आणि जिंकल्याचं सांगायला इंग्लंडच्या केन बॅरिंग्टनने त्यांना उठवलं. ती झोप ठेवली. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून चतुर्थीनिमित्त मैदानावर आणलेली बेला हत्तीण, तीही ठेवली. भारताचे पहिले एकदिवसीय कर्णधार, १९७४, लीड्स, स्वतः ६७ धावा, हेही ठेवलं.

त्याच १९७४ च्या दौऱ्यात लॉर्ड्सला आपण ४२ त गारद झालो होतो. मालिका ०-३. परत आल्यावर पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि त्यांनी खेळणं सोडलं. साडेअकराशे शब्दांत हे सगळं होतं. २६० मध्ये नव्हतं.

मुलीने प्रूफ वाचलं. पंचविशीची असेल, तिला वाडेकर म्हणजे विकिपीडिया. पेन्सिल एका जागी टेकवून म्हणाली, "सर, बेचाळीस कुठाय?"

"जागा नाही गं."

"हत्तिणीला झाली की."

काही बोललो नाही. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची वेळ झाली होती, पान सोडलं. दुसऱ्याचा मृत्युलेख असता तर? एका मोठ्या फलंदाजाच्या लेखातून त्याचं अपयश वगळलं म्हणून मीच एका पोराला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ते पोर आता दुसऱ्या पेपरात क्रीडा संपादक आहे.

१७ ला सकाळी एका म्हाताऱ्या वाचकाचा फोन. "वाडेकर परवा गेले आणि तुम्ही आज छापता? तेही एवढंसं?" १६ ला पेपर नसतो हे त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "हत्तीण मात्र बरोबर लिहिलीत. मी ऐकलं होतं तेव्हा."

मग मी शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीकडे निघालो. अख्ख्या पानाचं ते प्रूफ घडी घालून खिशात घेतलं होतं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.