गावच्या रेडिओचा मालक कोण?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आमच्या गावाचं रेडिओ केंद्र विकायला निघालंय आणि इथे सध्या दुसरा विषय नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातून आत्याने फोनवर विचारलं, "अगं, रेडिओ विकला तर तुमचं काय जातं?" तिच्यासाठी आणि तमाम बडोदेकरांसाठी हे लिहितेय.

आपल्याला रेडिओ माहीत आहे तो सरकारचा, नाहीतर मोठ्या कंपनीचा. इथल्या छोट्या गावांत मात्र कित्येक केंद्रं एकेका कुटुंबाची होती. बाप सकाळच्या बातम्या वाचणार, आई जाहिरातींचा हिशेब बघणार, मुलगा शुक्रवारी रात्री शाळेच्या फुटबॉल सामन्याचं समालोचन करणार. आमच्या केंद्रावर आजही मक्याचे आणि डुकरांचे भाव सांगतात, बर्फामुळे कुठली शाळा बंद ते सांगतात, कोण वारलं आणि अंत्यविधी कुठल्या चर्चमध्ये तेही सांगतात. एका कार्यक्रमात तर लोक फोन करून जुना ट्रॅक्टर, पाळणा, कोंबड्या विकतात. मला हे फार आवडतं.

1996 मध्ये इथला दूरसंचार कायदा बदलला. तोवर एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त 40 केंद्रं ठेवता येत. ती मर्यादाच काढून टाकली. काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे 1,200 हून जास्त केंद्रं जमा झाली. निवेदक दूरच्या शहरात बसून आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवू लागला. केंद्राचा मुख्य स्टुडिओ गावात किंवा जवळपास हवा, हा जवळजवळ ऐंशी वर्षं जुना नियमही 2017 मध्ये रद्द झाला.

याने काय बिघडतं, ते नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला विचारा. 18 जानेवारी 2002 च्या मध्यरात्रीनंतर तिथे मालगाडी घसरली, वाघिणी फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. गावातली सहाही व्यावसायिक केंद्रं क्लिअर चॅनलची. पोलीस रेडिओ केंद्राला फोन लावत राहिले, कोणी उचलेना. इशारा देणारी सरकारी यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्या रात्री एक माणूस गेला, शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण रात्री तिथे गावातलं माणूस बसलेलं असतं तर त्याने खिडकीतूनच ढग पाहिला असता, असं मला मनापासून वाटतं.

आणि आत्या, आपल्या बडोद्याचंही एकेकाळी स्वतःचं केंद्र होतं! स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात आकाशवाणीची सहाच केंद्रं होती; म्हैसूर, हैदराबाद, औरंगाबाद, त्रिवेंद्रम आणि बडोदा ही पाच केंद्रं संस्थानांच्या ताब्यात होती. म्हणजे आपला रेडिओ गायकवाड सरकारचा. संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच सुमारास केंद्रही आकाशवाणीकडे गेलं आणि मोठे निर्णय दिल्लीत होऊ लागले. खाजगी एफएम 2001 पासून आले, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. नैसर्गिक आपत्तीत स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती मात्र ते सांगू शकतात. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र काढता येतं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात घरांत शिरली तेव्हा मी इथे रात्रभर फोनला चिकटून होते. तुमच्याकडे वीज नव्हती, मोबाइल बंद पडत होते. अशा वेळी सेलवर चालणारा छोटा रेडिओच कामाचा, पण पलीकडे बोलणारं कोणीतरी हवं ना?

आमच्या गावातली मंडळी आता वर्गणी काढून केंद्र स्वतःच घेता येईल का ते बघताहेत. पुढच्या आठवड्यात बैठक आहे, मी जाणार आहे. बडोद्यातल्या केंद्रांत रात्री दोन वाजता कोणी माणूस असतं का, तेवढं तिथल्या कोणीतरी विचारून मला कळवा. बैठकीत सांगायला हवंय.