अडलेला पाऊच

कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मी एंडोस्कोपीची सिस्टर आहे. पाऊचचा पेशंट आमच्याकडे क्वचित येतो, म्हणून करवीर तालुक्यातल्या त्या गुळव्याची फाईल मी आदल्या संध्याकाळीच वाचून ठेवली होती.

वय चाळिशीच्या आत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजारामुळे, मोठं आतडं काढलेलं. अशा वेळी लहान आतड्याचं शेवटचं टोक दुमडून साठवणीचा कप्पा, म्हणजे पाऊच, करतात आणि तो गुदद्वाराशी जोडतात. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. त्यामुळे पोटावर कायमची पिशवी लावावी लागत नाही. पाऊच नीट चालला तर दिवसाला साधारण ४ ते ८ वेळा जावं लागतं.

हा माणूस पंधरा-वीस वेळा जात होता. पाऊचला सूज आली असेल, असं धरून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिकं पुन्हा पुन्हा सुरू केलेली. ती सूज अशा पेशंटमध्ये नेहमीची, त्यामुळे पहिल्यांदा गोळ्या देणं मी समजू शकते. पण आत दुर्बीण घालून कुणीच बघितलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मला खरंच राग आला.

"आधण काहिलीत उकळतंय आन् मी परसाकडं पळतोय," ते म्हणाले. "गूळ कसा जमायचा, सिस्टर?"

मी विचारलं, "दादा, जाऊन आल्यावर मोकळं वाटतं का?"

"न्हाई वो. कुंथत बसतोय, जरासं हुतंय. उठलो की परत हायेच."

"अर्धा-अर्धा तास बसत्यात आत," वहिनी म्हणाल्या.

हे मी लगेच आमच्या डॉक्टरसरांच्या कानावर घातलं. सरांनी आधी बोटाने तपासलं. बोट जोडापाशीच अडलं. पाऊच जिथं शिवलेला, तिथं व्रण आवळून तोंड अरुंद झालेलं. पाऊच पूर्ण रिकामाच होत नव्हता, म्हणून जाण्याच्या वेळा वाढल्या होत्या. त्यावर अँटिबायोटिक काय करणार?

जठर बघायचा बारीक स्कोपसुद्धा आत जाईना. मग तार सरकवली आणि तारेवरून बलून. बलून सर लावतात, पण त्यात पाणी भरून दाब वाढवायचा पंप माझ्या हातात असतो. "१२ मिलिमीटर," सर म्हणाले. मी सावकाश दाब दिला. मध्यभागी बलून चिमटलेला दिसत होता. "थांब. आता साडेतेरा." इथं घाई चालत नाही. जोड फाटला तर गळती ओटीपोटात जाते आणि इतक्या हालअपेष्टांनी मिळवलेला पाऊचच गमवायची वेळ येऊ शकते. माझी नजर एकदा दाबाच्या काट्यावर, एकदा स्क्रीनवर. १५ ला चिमटा सुटला. थोडं रक्त आलं, तेवढं येतंच. सरांनी त्या दिवशी तिथंच थांबायचं ठरवलं.

मग स्कोप अलगद आत गेला. आतलं अस्तर जवळजवळ स्वच्छ होतं, जखमा नाहीत, पू नाही. वरच्या आतड्याकडचं तोंडही मोकळं होतं. सरांनी तरीही तपासणीसाठी तुकडे घेतले. त्यांच्या अहवालातही पाऊचायटिस, म्हणजे पाऊचची सूज, निघाला नाही.

असा व्रण एका बैठकीत कायमचा सुटेलच असं नसतं, तो पुन्हा आवळतो. काही आठवड्यांनी आम्ही १८ पर्यंत गेलो. आता दादा दिवसाला सहा-सात वेळा जातात, रात्री फार तर एकदा. पुढची तारीख गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आतली दिली आहे. तोवर परत आवळलं, तर सर स्कोपमधूनच विजेच्या बारीक सुरीने तो व्रण कापणार आहेत. वहिनींना मी विभागाचा फोन नंबर लिहून दिलाय. वेळा वाढल्या, तर मेडिकलमधून गोळी आणण्याआधी त्या मला फोन करणार आहेत.