घाव न रंगवणारा चित्रकार

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकलेत देलाक्रवा, अँग्र, कूर्बे अशी मातब्बर नावे असताना तुम्ही पॉल देलारोशचेच कौतुक का करता, असे मला वारंवार विचारले जाते. तुम्हीही विचारलेत, म्हणून सांगतो: इतिहासातील हत्या त्याने आयुष्यभर रंगवल्या, पण गाजलेल्या चित्रांत प्रत्यक्ष घाव कुठेच दाखवला नाही.

1830 च्या चित्रात लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कोंडलेले दोन इंग्रज राजपुत्र पलंगावर बिलगून बसले आहेत. मारेकरी दिसत नाहीत, दिसते ती दाराखालून आत आलेली उजेडाची रेघ आणि तिच्याकडे कान टवकारून पाहणारे लहानसे कुत्रे. गीझच्या फ्रेंच सरदाराच्या खुनाच्या चित्रात प्रेत उजव्या कोपऱ्यात पडले आहे, मारेकरी डावीकडे घोळक्याने उभे आहेत, आणि मधल्या रिकाम्या जमिनीवरच आपली नजर खिळते.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र लेडी जेन ग्रेच्या शिरच्छेदाचे. अवघे नऊ दिवस इंग्लंडची राणी राहिलेली जेन 1554 मध्ये उघड्यावर मारली गेली. देलारोशने तिला अंधाऱ्या दालनात आणले, शुभ्र वस्त्र नेसवले. इतिहासाशी घेतलेले हे स्वातंत्र्य मला मान्य आहे, कारण डोळ्यांवर पट्टी बांधलेली ती कोवळी मुलगी हात पुढे करून मान ठेवायचा लाकडी ठोकळा चाचपडते, तेव्हा त्या अंधारात तिच्या बोटांखेरीज दुसरे काही पाहवतच नाही. 1834 मध्ये पॅरिसच्या सालों प्रदर्शनात त्यापुढे गर्दी लोटली. फ्रेंच राज्यक्रांतीत राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद होऊन तेव्हा अवघी 41 वर्षे झाली होती. तो काळ स्वतः पाहिलेली माणसे अजून हयात होती, आणि इंग्लंडच्या राणीच्या निमित्ताने त्यांना स्वतःचेच दुःख पाहता येत होते, असे मला वाटते.

चित्रकार ग्रोचा शिष्य असलेल्या देलारोशचा जन्म 1797 चा. 1837 नंतर त्याने सालोंमध्ये चित्रे ठेवणेच थांबवले आणि एकोल दे बोझार या पॅरिसच्या कलाशाळेत सुमारे 27 मीटर लांबीचे, थोर कलावंतांचा मेळावा दाखवणारे अर्धवर्तुळाकार भित्तिचित्र पूर्ण केले. 1845 मध्ये पत्नी लुईझ गेली. 1856 मध्ये तोही गेला.

पुढे समीक्षकांनी त्याला नाटकी ठरवून बाजूला सारले. जेन ग्रेचे चित्र तर 1928 मध्ये थेम्सच्या पुरात नष्ट झाले असेच मानले गेले. 1973 मध्ये ते गुंडाळलेल्या अवस्थेत सापडले, रंग जवळजवळ शाबूत. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि जेनचा हात अजून त्या ठोकळ्यापर्यंत पोहोचलेला नाही.