पावसाला नावं कशी ठेवायची?

मराठवाड्यात पावसाला नावं ठेवायची सोय नाही. पुण्या-मुंबईच्या माणसांना ते परवडतं, त्यांच्याकडं तो न बोलावता येतो आणि हलायचं नाव घेत नाही. आमच्या परभणीत मृग लागला की जो तो येता-जाता आभाळाकडं बघतो. एवढी वाट बघून आलेल्या पाहुण्याला ‘तुमच्यामुळं माझं नेट गेलं’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पण ते जातं. दरवेळी जातं.

जाण्याची रीत ठरलेली आहे. आधी वावधान सुटतं, खिडक्या आदळतात, घरभर फुफाटा होतो. मग लाईट जाते. राऊटर इन्व्हर्टरवर असल्यामुळं मी थोडा वेळ निर्धास्त असतो. तेवढ्यात डब्यावरचा ‘एलओएस’ नावाचा, सिग्नल हरवल्याचं सांगणारा बारका दिवा लाल होऊन लुकलुकायला लागतो आणि मीटिंगमध्ये बोलणारे साहेब तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजतात. (तसे ते बरे दिसतात.)

केबलवाल्याचा फोन आधी लागत नाही. लागला की, ‘मेन लाईन कट झालीय काका, काम चालूय, अर्ध्या तासात येईल.’ हा अर्धा तास कोणत्या घड्याळातला, ते विचारायचं नसतं. मग मोबाईलचा हॉटस्पॉट. पण अख्ख्या गल्लीला तो एकदमच सुचलेला असतो, आणि लाईट जाऊन बराच वेळ झाला की टॉवरच्या बॅटऱ्याही मान टाकतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, आसपास वीज पडायचा धोका असला की सांगतं. आमच्याकडं विजांनी दरसाल माणसं आणि जनावरं जातात, त्यामुळं ते फोनमध्ये असावंच. फक्त सूचना यायला नेट लागतं, आणि आमचं नेट पहिल्या गडगडाटाची वाटसुद्धा बघत नाही.

नेमका अशा वेळी गावाहून अण्णांचा फोन येतो.

‘तिकडं पडायलाय का?’

‘पडायलाय की. लई जोरात.’

‘मंग बरंय. हिकडं बी ओल चांगली गेली. कृषी विद्यापीठवाले म्हणतेत, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याबिगर पेरायची घाई करू नका. आजच्यात होतंय बघ.’

त्या आवाजात एवढी तरतरी असते की मीटिंग बुडाल्याचं सांगायला जीभ रेटत नाही. मागं एकदा बोलून बघितलं होतं. ‘जाऊ दे की नेट,’ अण्णा म्हणाले, ‘पाऊस तर आला.’ त्यावर काय बोलणार?

आणि खरं सांगायचं तर पाऊस यात निर्दोष आहे. गच्चीवरची टीव्हीची छत्री पावसात मुकी होते, तो गुन्हा त्याचाच. उपग्रहावरून येणाऱ्या लहरींना वाटेतले थेंब गिळून टाकतात. आमचं नेट येतं त्या फायबरच्या वायरचं तसं नाही. आत काचेचा तंतू, त्याचा गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक, आणि त्यातून धावणारा उजेड डोळ्यांना दिसतही नाही. बाहेर पाऊस पडो नाही तर ऊन, त्याला फरक पडत नाही. मोडते ती लिंबाची फांदी. ती पडते वायरवर, वायर टांगलेली लाईटच्या खांबाला, आणि खांब कुणाच्या तरी भरवशावर उभा. केबलवाल्याच्या कोपऱ्यावरच्या पेटीत लाईट गेल्यावर लागणारी बॅटरी आहे, पण ती गेल्या पावसाळ्यातच बसलीय. ऊन असताना ती बदलायचं कुणाला सुचत नाही. बाकी, नालीचं काम करणाऱ्या जेसीबीच्या तावडीतून जेवढी वायर सुटते तेवढीच वादळाच्या वाट्याला येते.

लाईन जोडायला येणाऱ्या पोराचं मात्र मला कौतुक आहे. परवा रिमझिमीत तो आमच्या फाटकापाशी उकिडवा बसला आणि मशीनवर छत्री धरायचं काम माझ्याकडं आलं. त्यानं आधी एक बारकी नळी तंतूत ओवून ठेवली. मग वरचं आवरण सोललं, स्पिरिटच्या बोळ्यानं तंतू पुसला, कटरनं टोक सरळ छाटलं. दुसऱ्या टोकाचंही तसंच. नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारी ती टोकं मशीनच्या पडद्यावर दोन जाड दांड्या होऊन समोरासमोर आली, आपोआप एका रेषेत सरकली, एक ठिणगी उडाली आणि मधली फट नाहीशी झाली. खाली आकडा उमटला, ०.०२. ‘लॉस काहीच नाही,’ तो म्हणाला. मग ती नळी जोडावर सरकवून त्यानं तापवून घट्ट केली. उजेडाचा जोर मोजणारा मीटर लावला तर मायनस एकोणीस. मायनस सत्तावीसच्या पलीकडं गेलं की दिवा लाल झालाच म्हणून समजा, हे ज्ञानही त्याचंच.

‘चालू झालं का बघा काका.’

झालं होतं. मशीन पिशवीत घालता घालता त्यानं विचारलं, ‘तुमच्या गावाकडं किती पडला?’ मी अण्णांचा हवाला दिला. तो खुलला.

‘आमच्याकडं बी झालाय चांगला. उद्या-परवा लाईन गेली तर मला लावू नका बरं का, ऑफिसला फोन करा. आमची पेरणी हाय.’

ऑफिसला फोन केला की तिथली मुलगी यालाच फोन लावते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.